वर्दी नवी, रिबिनी जुन्या

प्रश्न : आमच्या आळीत एक हवालदार राहतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर होऊन आले, थोडे दिवस शेती बघितली आणि पुन्हा भरती झाले. पोस्टिंग हवाई दलाच्या तळावर, म्हणून सगळे म्हणतात, ‘हवाई दलात गेले.’ सुट्टीवर आले तेव्हा मोबाइलवर वर्दीतले फोटो दाखवले. वर्दी निळी नव्हतीच, पलटणीत असायची तशीच होती. बाहीवरच्या तीन फिती गायब. छातीवरच्या रिबिनी मात्र सगळ्या जागच्या जागी. त्यांना विचारायला संकोच वाटला, म्हणून तुम्हाला विचारतो. हवाई दलात गेले तर निळी वर्दी का नाही? हुद्दा गेला तर मेडलं कशी राहिली? पुन्हा सैन्यात जाणाऱ्यानं जुन्यातलं काय लावायचं आणि काय काढायचं, हे ठरवतं कोण?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पहिली गाठ आधी सोडवू, म्हणजे पुढच्या आपोआप सैल होतील. तुमच्या वर्णनावरून तुमचे हवालदार हवाई दलात गेलेले नाहीत. ते गेलेत ‘डीएससी’त, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये. सातारा-सांगलीकडच्या माजी सैनिकांच्या घरांत हा शब्द चांगलाच रुळलेला आहे. १९४७ साली उभं राहिलेलं हे दल लष्कराचा भाग आहे आणि त्यात मुख्यतः माजी सैनिकच पुन्हा भरती होतात. काम पहाऱ्याचं. लष्कराचे डेपो, नौदलाची ठाणी, हवाई दलाचे तळ, जिथं पहारा लागतो तिथं हे जवान असतात. २०१६च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला तेव्हा जे सुरक्षारक्षक कामी आले, त्यांतले पाच जण डीएससीचे होते. तळ हवाई दलाचा, पहारेकरी लष्कराचे.

त्यामुळे वर्दीही लष्कराची. वर्दी ही तुम्ही कुठल्या आवारात उभे आहात यावर ठरत नाही, तुमचं नाव कुठल्या दलाच्या पटावर आहे यावर ठरते. हवाई दलाच्या फाटकावर उभ्या असलेल्या डीएससीच्या जवानाला निळी वर्दी घालायची मुभा नाही आणि ती त्यानं हौसेनं घातली तर ती चूकच.

आता फितींचं. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात. त्या गेल्या म्हणून तुम्हाला वाईट वाटलं असेल. आळीतल्या काहींनी ‘काहीतरी झालं असेल’ असंही मनात म्हटलं असेल. तसं काही झालेलं नाही. डीएससीत साधारणपणे शिपाई म्हणूनच भरती होते, मागच्या पलटणीत माणूस हवालदार असो की नाईक. कारण सरळ आहे. हुद्दा म्हणजे कोणी कोणाला हुकूम द्यायचा याची व्यवस्था. ती त्या त्या दलाच्या आतली असते आणि तिथल्या जागांवर चालते. बाहेरून येणारा प्रत्येक हवालदार फिती घेऊनच आत आला, तर तिथं आधीपासून आठ-दहा वर्षं पहारा देणाऱ्यांच्या डोक्यावर तो एका दिवसात जाऊन बसेल. म्हणून पाटी कोरी करून सुरुवात होते. पुढं तिथल्या नियमांप्रमाणे बढती मिळेल तशा फिती पुन्हा चढतील.

मेडलांचा हिशेब वेगळा. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि दुसऱ्या संस्थेत साधे शिक्षक म्हणून लागले, तर मुख्याध्यापकाची खुर्ची त्यांच्याबरोबर जात नाही, बी.एड.ची पदवी मात्र जाते. मेडल हे घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आहे. माणूस सियाचीनला होता, नऊ हजार फुटांवरच्या ठाण्यावर राहिला, वीस वर्षं नोकरी केली. हे घडलंच आहे. दल बदललं, हुद्दा बदलला, म्हणून ते पुसलं जात नाही. सियाचीन ग्लेशियर मेडल, हाय अल्टिट्यूड मेडल, नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल, सैन्य सेवा मेडल, ही सगळी त्या जवानाची स्वतःची असतात.

हा नियम उलट्या बाजूनंही लागतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त जे मेडल निघालं, ते १५ ऑगस्ट २०२२ला सेवेत असलेल्यांसाठी. तुमचे हवालदार त्या दिवशी पलटणीत असतील तर त्यांच्या छातीवर ती रिबिन आहे. त्या दिवशी घरी शेतात असतील आणि नंतर पुन्हा भरती झाले असतील, तर नाही. त्यांची पंचवीस वर्षांची नोकरी झाली असेल आणि शेजारच्या पोराची तेव्हा पाच महिन्यांची, तरी नाही. यात मानापमान नाही, तारखेचा हिशेब आहे.

तिसरी एक गोष्ट आहे. ती तुमच्या नजरेतून सुटली असावी. फोटो पुन्हा दाखवले तर टोपीकडे बघा. मराठा लाइट इन्फंट्रीचा बिल्ला, ढाल-तलवारी आणि बिगुल असलेला, आणि त्याच्या मागचा लाल-हिरवा तुरा, हे दोन्ही तिथं नसणार. तिथं आता डीएससीचा बिल्ला असेल. पलटणीचं चिन्ह हे पलटणीत असेपर्यंतच. जवानाला विचाराल तर फितींपेक्षा हे काढताना जास्त जड गेलं असंच तो सांगेल, कारण फिती परत मिळू शकतात, तुरा नाही.

म्हणजे वर्दीवरच्या वस्तूंचे दोन वर्ग झाले. जे तुम्ही कमावलं ते तुमच्याबरोबर येतं : मेडलं, विमान चालवण्याचे किंवा हवाई छत्रीच्या उडीचे पंख. जे तुम्हाला त्या जागेमुळं मिळालं होतं ते त्या जागेबरोबर राहतं : हुद्दा, पलटणीचा बिल्ला, तुरा, एखाद्या नेमणुकीचं चिन्ह. बहुतेक शंका एवढ्यानं मिटतात.

आता खरोखर निळ्या वर्दीत परतणाऱ्याकडे वळू. समजा, एखादा मुलगा हवाई दलात एअरमन म्हणून लागला, कॉर्पोरल झाला आणि नंतर परीक्षा देऊन अधिकारी व्हायला गेला. हेही एका अर्थी त्याच दलात दुसऱ्यांदा दाखल होणंच. हैदराबादजवळ डुंडिगलच्या अकादमीत तो फ्लाइट कॅडेट असतो. बाहीवरच्या कॉर्पोरलच्या दोन फिती गेल्या. प्रशिक्षण पुरं झालं की खांद्यावर फ्लाइंग ऑफिसरची एक पट्टी येते. पुढं फ्लाइट लेफ्टनंटच्या दोन, स्क्वाड्रन लीडरच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक, विंग कमांडरच्या तीन, ग्रुप कॅप्टनच्या चार. एअरमन असताना मिळालेली रिबिन मात्र नव्या वर्दीवर येतेच. तरुण फ्लाइंग ऑफिसरच्या छातीवर नऊ वर्षांच्या नोकरीची रिबिन दिसली, तर ओळखावं की हा खालून चढून आलेला आहे. जाणकार लोक हे एका नजरेत वाचतात.

वाचायचं कसं, तेही सांगतो. हवाई दलाच्या वर्दीवर नावाची पट्टी उजव्या छातीवर असते. डाव्या छातीवर रिबिनी आणि वैमानिक असेल तर त्यांच्या वर पंख. रिबिनींचा क्रम असा की सर्वात मानाची छातीच्या मध्याजवळ, म्हणजे घालणाऱ्याच्या उजव्या हाताला. समोरून बघणाऱ्याला ती डावीकडून पहिली दिसते. देवनागरी वाचतो तसं डावीकडून उजवीकडे, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत वाचत जायचं.

इथं सर्रास होणारी चूक म्हणजे मेडलं मिळाली त्या क्रमानं लावणं. क्रम तारखेवर नसतो, सरकारच्या मानक्रमाच्या यादीवर असतो. त्यामुळे दुसऱ्या नोकरीत नवं मेडल मिळालं तर त्याची रिबिन शेवटी टाचून चालत नाही. ती यादीत जिथं बसते तिथंच घालावी लागते आणि सगळी पट्टी उकलून पुन्हा बांधावी लागते. छावणीच्या बाजारात रिबिनी बांधून देणारे असतात. त्यांचा हात चांगला बसलेला असतो, पण तुम्ही कुठली मेडलं सांगता यावर त्यांचं काम अवलंबून. जुनी पट्टी दाखवून ‘याच्यापुढं ही एक लावा’ म्हटलं की ते लावून देतात. चूक मग परेडच्या आदल्या संध्याकाळी कोणा सुभेदारसाहेबांच्या डोळ्यांना दिसते.

या यादीत सामान्य माणसाला चक्रावणारं बरंच काही आहे. भारतरत्न, मग परमवीर चक्र, मग अशोक चक्र, इथपर्यंत कोणालाही पटेल. पण परम विशिष्ट सेवा मेडल, जे शांततेच्या काळातल्या सेवेसाठी बहुतेक करून वरिष्ठ अधिकाऱ्यांना मिळतं, ते महावीर चक्राच्या आधी लागतं. युद्धात मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शौर्यपदकाच्या आधी! मला हे कधीच नीट पचलेलं नाही, पण यादी यादी आहे आणि वर्दी चढवणाऱ्यानं तिच्याशी वाद घालायचा नसतो. बाहेरच्या देशांनी दिलेली पदकं आपल्या पदकांच्या मागं येतात.

परतणाऱ्याचा आणखी एक घोटाळा असा की तो जुनी ट्रंक उघडतो, कपडे अंगाला बसतात म्हणून खूश होतो आणि तेच घालून हजर होतो. मधल्या काळात वर्दीच बदललेली असते. आपल्या हवाई दलानं ८ ऑक्टोबर २०२२ला, नव्वदाव्या वर्धापनदिनी, चंदीगडच्या कार्यक्रमात नवी लढाऊ वर्दी आणली. त्याआधी बाहेर पडलेल्याची जुनी आता फक्त आठवण. अमेरिकेच्या हवाई दलात २०१८च्या ऑक्टोबरपासून लष्करासारखी ठिपकेदार वर्दी यायला लागली आणि १ एप्रिल २०२१पासून तीच सक्तीची झाली. त्या आधी तर तिथं मोठीच गंमत झाली होती. जनरल मेरिल मॅकपीक प्रमुख असताना अधिकाऱ्यांचा हुद्दा खांद्यावरून काढून बाहीवरच्या चंदेरी पट्ट्यांत आणला गेला. लोक म्हणायला लागले, हे तर प्रवासी विमानाचे पायलट दिसतात! १९९४मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या जनरल फोगलमन यांनी तो प्रकार मोडीत काढला. मधल्या वर्षांत नोकरी सोडून गेलेला आणि नंतर परतलेला अधिकारी तो कोट घालून आला असता, तर त्याला कोणीतरी हळूच बाजूला घेतलं असतं.

पुन्हा हवाई दलात जाणाऱ्यांत सर्वात विलक्षण माणूस म्हणजे टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखतं. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटिश लष्करात लेफ्टनंट कर्नलपर्यंत पोचला. १९२२च्या ऑगस्टमध्ये हाच माणूस ‘रॉस’ असं खोटं नाव घेऊन ब्रिटिश हवाई दलात सर्वात खालच्या पायरीवर भरती झाला. वर्तमानपत्रांनी बिंग फोडल्यावर १९२३च्या सुरुवातीला त्याला काढलं. मग तो ‘शॉ’ नावानं रणगाडा दलात शिपाई झाला, आणि तिथून खटपट करून १९२५च्या ऑगस्टमध्ये पुन्हा हवाई दलात आला, पुन्हा सर्वात खालच्या पायरीवर. कर्नलकीची चिन्हं त्यानं लावायचा प्रश्नच नव्हता. वर सांगितल्याप्रमाणे हुद्दा त्या त्या नेमणुकीबरोबर राहतो आणि त्यानं स्वतःच तो सोडला होता.

पदकांचं काय? नियमानं ती लावता आली असती. पण लॉरेन्सनं १९१८च्या ऑक्टोबरमध्ये खुद्द राजे पंचम जॉर्ज यांच्यासमोर ती स्वीकारायला नकार दिला होता, कारण अरबांना दिलेला शब्द इंग्रज सरकार मोडतंय असं त्याचं मत होतं. त्यामुळे त्याचे त्या काळातले फोटो बघा. साधा हवाई सैनिक, बाहीवर हुद्द्याची फीत नाही, छातीवर रिबीन नाही. १९२७ला तो कराचीत आला, पुढच्या वर्षी वायव्य सरहद्दीवरच्या मिरानशाहला गेला. तो तिथं हेरगिरी करतोय अशा बातम्या उठल्या तेव्हा सरकारनं त्याला घाईनं परत पाठवलं, आणि १९२९च्या जानेवारीत तो मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं इंग्लंडला निघाला. रिकामी छाती बघून याला काही मिळालंच नाही असा अंदाज करू नये, एवढ्यासाठी हा किस्सा. अर्थात लॉरेन्सचा दाखला देऊन कोणी ‘मीही रिबिनी लावणार नाही’ म्हणायला जाऊ नये. वर्दीचा जो प्रकार रिबिनींसह सांगितला आहे त्यात त्या लावायच्याच असतात. तो काही हौसेचा भाग नाही.

आपल्याकडचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. अर्जनसिंग १९६९मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले. तेव्हा ते एअर चीफ मार्शल होते, एक रुंद पट्टी आणि तीन बारीक. २००२च्या जानेवारीत सरकारनं त्यांना ‘मार्शल ऑफ द एअर फोर्स’ केलं. बारीक पट्ट्या चार झाल्या. हा हुद्दा मिळालेला माणूस कधी निवृत्त होत नाही असा संकेत आहे. म्हणजे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ते पुन्हा वर्दीतले झाले आणि २०१७मध्ये जाईपर्यंत तसेच राहिले. १९४४मध्ये ब्रह्मदेश आघाडीवर मिळालेलं ब्रिटिशांचं डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसही त्यांच्याबरोबर राहिलं. राज्य बदललं, झेंडा बदलला, पदक कमावलेलं होतं ते होतंच.

आता एक नेहमीचा गैरसमज. मानद हुद्दा मिळाला की सगळंच मिळालं असं लोकांना वाटतं. सचिन तेंडुलकरला हवाई दलानं २०१०मध्ये मानद ग्रुप कॅप्टन केलं. विमान-क्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसाला असा हुद्दा मिळण्याची ती पहिलीच वेळ. खांद्यावर चार पट्ट्या आल्या. वैमानिकाचे पंख त्याच्याबरोबर येत नाहीत, कारण ते विमान चालवायला शिकून मिळवावे लागतात. धोनीचं उदाहरण यासाठी अधिक बोलकं आहे. २०११मध्ये त्याला प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल केलं, तेव्हा हुद्दा आला. छत्रीधारी सैनिकाचे पंख नाहीत. २०१५मध्ये आग्र्याला जाऊन त्यानं हवाई दलाच्या विमानातून पाच उड्या मारल्या, तेव्हा ते आले. २०१९च्या विश्वचषकात त्याच्या ग्लोव्हजवरच्या चिन्हावरून जो वाद झाला तो मात्र या विषयातला नव्हे. तिथं आक्षेप क्रिकेटच्या नियमांचा होता, सैन्याचा नव्हता.

आणि जो परतलाच नाही, फक्त निवृत्त आहे, त्याचं काय? ‘वर्दी मी स्वतःच्या पैशानं शिवलीय, मग घालीन’ असं काही जण म्हणतात. कापड त्यांचं, हे खरं. पण आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं सैनिक नसलेल्यानं तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या १४०व्या कलमात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमात आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मर्म हेतूत आहे. म्हणून नाटकातल्या नटाला आणि स्नेहसंमेलनातल्या पोराला कोणी धरत नाही. मेडलांची गोष्ट वेगळी. २६ जानेवारीला साध्या कोटावर डाव्या बाजूला स्वतःची मेडलं लावून झेंडावंदनाला उभे राहणारे माजी सैनिक तुम्ही पाहिले असतील. त्यात काही वावगं नाही. दिवंगत सैनिकाच्या पत्नीनं किंवा मुलांनी श्रद्धांजलीच्या प्रसंगी त्याची मेडलं उजव्या छातीवर लावायची, असं लष्करानं २०१९मध्ये ठरवून दिलं. उजवी बाजू अशासाठी की बघणाऱ्याला कळावं, ही मेडलं हिच्या माणसाची आहेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ठरवतं कोण. प्रत्येक दलाची वर्दीची स्वतःची नियमावली असते. ती कुठल्या प्रसंगी कुठला पोशाख, कुठं काय आणि किती अंतरावर, हे सगळं सांगते. पण पुन्हा भरती होणाऱ्या माणसाच्या बाबतीत नियमावलीच्या आधी कागद येतो. कुठली मेडलं लावायची ते ‘मला मिळालं होतं’ या शब्दावर ठरत नाही, रेकॉर्डवर ठरतं. आपल्याकडे डिस्चार्ज बुक, अमेरिकेत डीडी २१४ नावाचा फॉर्म. त्यात नोंद असेल ते लावायचं. नोंद राहून गेली असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसला लिहून ती करून घ्यायची, मग रिबिन विकत घ्यायची. पुष्कळ जण उलट क्रमानं जातात आणि नव्या युनिटमध्ये पहिल्याच आठवड्यात खुलासे देत बसतात.

तेव्हा हवालदारांना खुशाल विचारा, संकोच नको. शक्य झालं तर रिबिनी नव्हे, त्यांची खरी मेडलं हातात घेऊन बघा. ती उभी धरून कडेवरून बोट फिरवलं तर बारीक अक्षरं लागतील : नंबर, हुद्दा, नाव. ते मेडल मिळालं त्या वेळी जो हुद्दा होता तोच तिथं कोरलेला असतो. आज डीएससीच्या पटावर ते शिपाई आहेत, पण हवालदार असताना मिळालेल्या मेडलाच्या कडेवर हवालदारच आहेत, आणि तो कोणी खोडत नाही.